हिवाळ्यातील जळण आणि सरकारी मदत

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. या यादीत जळणाचे नाव नाही. वास्तविक पाहता कच्चे धान्य हे अन्न नव्हे. त्याखाली जाळ लागला म्हणजेच ते अन्न होते. तरीही जळणाचा विचार आपण धान्याच्या विचाराइतका गंभीरपणे क्वचितच करतो. याचे एक कारण असे की, खेड्यात जळण पुष्कळ काळ विकत घ्यावे लागत नव्हते. बांधावरच्या काटक्या, गोठ्यातले शेण, तुरीच्या तुराट्या आणि घरातल्या बाईचे श्रम यांतून ते येत असे. जी वस्तू बाईच्या श्रमातून येते, तिची किंमत हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही.

हिवाळा आला की मात्र हा न लिहिलेला खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्या पिंपळवंडीच्या परिसरात, कुकडीच्या खोऱ्यात, मार्गशीर्ष-पौषात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. पश्चिमेकडे डोंगरपट्ट्यात गारठा सोसाट्याच्या वाऱ्यासह येतो. अशा दिवसांत गरीब घराला जळणासाठी सरकार काय मदत करते, ती मदत कोणत्या वाटेने येते आणि वाटेत कोठे अडते, एवढाच प्रश्न आम्ही या लेखात सोडवून पाहणार आहोत.

प्रथम परदेशाकडे एक दृष्टिक्षेप टाकू. थंड मुलुखात घर ऊबदार ठेवणे हा हौसेचा नव्हे, जगण्याचा प्रश्न असतो. ब्रिटनमध्ये १९९७ साली वृद्धांसाठी हिवाळी इंधन-भत्ता सुरू झाला. थंडीच्या तोंडावर दोनशे ते तीनशे पौंडांची रक्कम घरपोच मिळावी, अशी ही योजना. २०२४ साली तेथील सरकारने ती केवळ अगदी गरीब पेन्शनधारकांपुरती मर्यादित केली. त्यावर एवढा गदारोळ झाला की, २०२५ साली वर्षाला पस्तीस हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या सर्व वृद्धांना ती पुन्हा द्यावी लागली. अमेरिकेत १९८१ पासून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची ऊर्जेची बिले भरण्यासाठी केंद्र सरकार राज्यांना निधी देते. या दोन्ही योजनांत दोष आहेत, वाद आहेत. पण एक गोष्ट त्यांत स्पष्ट दिसते : थंडी हा एक विशिष्ट काळ आहे आणि मदत त्या काळाला धरून दिली पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे.

आपल्याकडे असा हिवाळी भत्ता नाही. ‘आमच्याकडे कोठे बर्फ पडतो?’ असे कोणी म्हणेल. बर्फ पडत नाही हे खरे, आणि आपल्या घरांत भिंती तापवणारी यंत्रेही नाहीत. आपल्याकडे थंडीचा खर्च निराळ्या दाराने घरात शिरतो. ते दार म्हणजे न्हाणीघराचे. आपला हिवाळा आंघोळीच्या पाण्याने मोजावा लागतो.

हा हिशेब एकदा आकड्यांनी मांडणे आवश्यक आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास जितकी उष्णता लागते, तिला एक उष्मांक म्हणू. थंडीच्या सकाळी माणशी एक लहान बादली, म्हणजे पंधरा लिटर पाणी, पंचवीस अंशांनी तापवावयाचे झाल्यास ३७५ उष्मांक लागतात. घरात पाच माणसे असतील तर दिवसाला सुमारे १,८७५ उष्मांक झाले. एक किलो गॅस जळला म्हणजे सुमारे ११,००० उष्मांक निघतात, पण चांगल्या शेगडीवरही त्यांतले साठ टक्क्यांच्या आसपासच भांड्याला लागतात. म्हणजे रोज सुमारे पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम गॅस नुसत्या आंघोळीला गेला. महिन्याचा हिशेब साडेआठ किलोचा होतो. घरगुती सिलिंडरात गॅस असतो १४.२ किलो. तेव्हा केवळ आंघोळीचे पाणी महिन्याला अर्ध्याहून अधिक सिलिंडर खाऊन टाकते, आणि भाकरीसाठी अजून चूल पेटलेलीच नाही!

हेच पाणी लाकडावर तापवले तर काय होते? साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा आठवा-दहावा हिस्साच हंड्याला लागतो, बाकीची धुरावाटे आणि वाऱ्यावर जाते. त्या हिशेबाने रोज चार किलोच्या आसपास, म्हणजे महिन्याला सव्वाशे किलोपर्यंत सरपण लागते. तांब्याचा बंब असलेल्या घरी यात थोडी बचत होते, पण बंब हे सुस्थितीतल्या घराचे भांडे. विजेच्या कांडीने पाणी तापवले तर दिवसाला दोन युनिटांहून थोडी अधिक, महिन्याला सुमारे पासष्ट युनिटे वीज खर्च होते. हे तीन आकडे – अर्ध्याहून अधिक सिलिंडर, सव्वाशे किलो लाकूड, पासष्ट युनिटे – वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढील सर्व योजनांची पारख आपल्याला त्यांवरच करावयाची आहे.

सरकारने गरिबाच्या जळणाला हातभार लावण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे स्वस्त रॉकेल. रेशनच्या दुकानात शिधापत्रिकेवर मिळणारे निळे रॉकेल आपल्यापैकी पुष्कळांनी रांगेत उभे राहून आणलेले आहे. या पद्धतीत मदत वस्तूच्या किमतीत दडलेली असे. तिचा गुण असा की, गरिबाला आधी पैसे गुंतवावे लागत नसत. पाच लिटर हवे तर पाच, एक लिटर हवे तर एक. दोष असा की, एकच वस्तू दोन भावांनी विकली जाऊ लागली म्हणजे स्वस्त भावाची वस्तू महाग बाजाराकडे पाझरू लागते. रेशनचे रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा महाराष्ट्रात किती माजला होता, याची साक्ष २५ जानेवारी २०११ या दिवसाने दिली. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळ करणाऱ्यांनी भरदिवसा जिवंत जाळले. गरिबाच्या चुलीसाठी दिलेली सवलत एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याच्या प्राणावर उठली. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर हळूहळू वाढवत नेण्यात आला आणि २०२० च्या सुमारास त्यावरील केंद्राचे अनुदान संपले. निळे रॉकेल गेले ते असे.

दुसरा मार्ग साधन देण्याचा. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. त्याच सुमारास गोबर गॅसच्या संयंत्रांना अनुदान मिळू लागले. सुधारित चूल कमी लाकडात अधिक काम करते आणि धूर धुराड्यावाटे घराबाहेर नेते, ही कल्पना उत्तमच होती. परंतु चूल बांधून देणारा निघून गेला, धुराडे काजळीने बुजले की ते साफ कोण करणार आणि फुटलेली चूल पुन्हा कोण बांधणार, याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी झाली नाही. २००२ साली केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. आपल्या ऊसपट्ट्याच्या दृष्टीने एक प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, शेतात जाळून टाकले जाणारे उसाचे पाचट भट्टीत घालून त्याचा कोळसा करण्याची आणि त्याच्या कांड्या पाडण्याची पद्धत बसवली. या कामाला २००२ साली इंग्लंडमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. जुन्नर-आंबेगावात विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन कारखान्यांच्या ऊसक्षेत्रात दरवर्षी किती पाचट पेटवले जाते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. जे शेतात धूर होऊन जाते, ते न्हाणीघरात ऊब होऊन येऊ शकते, हा त्या प्रयोगाचा धडा.

तिसरा मार्ग जोडणीचा. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातील बाईच्या नावाने गॅसजोडणी द्यावयाची, अनामत आणि इतर प्रारंभिक खर्चापोटी सोळाशे रुपये सरकारने भरावयाचे, असे तिचे स्वरूप. आठ कोटींचा टप्पा गाठला गेला तो ७ सप्टेंबर २०१९ रोजी, आणि ती आठ कोटीवी जोडणी आपल्या महाराष्ट्रातच, त्या वेळच्या औरंगाबाद शहरात देण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरा टप्पा निघाला. त्यात शेगडी आणि पहिले सिलिंडरही विनामूल्य मिळू लागले, आणि स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या कागदाऐवजी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले. देशभरच्या एकूण जोडण्या दहा कोटींच्या पुढे गेल्या. घराच्या मालकीणपणाचा एक कागद बाईच्या नावाने आला, ही गोष्टही आम्ही लहान मानत नाही.

परंतु जोडणी आणि जाळ या दोन गोष्टी भिन्न आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ साली या योजनेची तपासणी केली, तेव्हा लाभार्थी घरे वर्षाला सरासरी सव्वातीनच्या आसपासच सिलिंडरे भरून घेत असल्याचे आढळले. पुढे हा आकडा वाढत २०२४-२५ साली साडेचारच्या जवळ गेला. पाच माणसांचा सारा स्वयंपाक गॅसवर केला तर एक सिलिंडर साधारण दीड महिना पुरते, म्हणजे वर्षाला आठ लागतात. चार थंड महिन्यांचे आंघोळीचे पाणी त्यात मिळवले तर आणखी अडीचेक. साडेदहांची गरज आणि साडेचारांचा वापर यांमधील सहा सिलिंडरांचे काम कोण करते? लाकूड करते. गॅसची शेगडी ओट्यावर आणि चूल मागच्या पडवीत, अशी दोन राज्ये एकाच घरात नांदतात, ती यामुळे.

असे का व्हावे? बायकांना गॅस आवडत नाही म्हणून नव्हे. कारण मदत ज्या क्रमाने येते, त्या क्रमात आहे. २०१३ साली काही जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर अशी पद्धत आली की, ग्राहकाने सिलिंडरची पूर्ण किंमत आधी द्यावी आणि अनुदान मागाहून त्याच्या बँकखात्यात जमा व्हावे. रॉकेलसारखी गळती थांबवण्यासाठी हा उपाय योग्यच होता. दोन भाव राहिले नाहीत, त्यामुळे काळ्या बाजाराचे मूळच तुटले. पण त्याबरोबर आधी पैसे काढण्याचा भार गरिबावर आला. मे २०२० पासून दोन वर्षे तर बहुतेक ग्राहकांचे अनुदान शून्यावर आले होते. मे २०२२ मध्ये उज्ज्वला लाभार्थ्यांना प्रत्येक सिलिंडरामागे दोनशे रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे रुपये अनुदान सुरू झाले. २०२५-२६ या वर्षासाठी ते नऊ सिलिंडरांपर्यंत ठरवण्यात आले.

त्यावर महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली. उज्ज्वला लाभार्थी आणि लाडकी बहीण योजनेस पात्र असलेली कुटुंबे यांना वर्षाला तीन सिलिंडरे विनामूल्य, असा हा निर्णय. सिलिंडरची किंमत सरासरी ८३० रुपये धरून, उज्ज्वलाच्या घराला केंद्राचे तीनशे आणि राज्याचे पाचशे तीस अशी भरपाई ठरली. गॅसजोडणी बाईच्या नावावर हवी आणि एका महिन्यात एकाच सिलिंडरचे पैसे मिळतील, ह्या अटी. ‘विनामूल्य’ हा शब्द येथे जपून वाचावयास हवा. सिलिंडर दारात येते तेव्हा पूर्ण पैसे मोजावेच लागतात, ते खात्यात परत येतात मागाहून. ज्याच्या घरी आठ-साडेआठशे रुपये शिल्लक आहेत, त्याला हे सिलिंडर खरोखरच फुकट पडते. ज्याची मजुरी आठवड्याच्या बाजारातच संपते, त्याला ते उधार आणल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे ज्याला गरज अधिक, त्याला तीच मदत अधिक जड. हा सरकारच्या हेतूचा नव्हे, क्रमाचा दोष आहे.

हा क्रम उलटा करता येतो, हे आपणच एकदा करून पाहिले आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत उज्ज्वला लाभार्थ्यांना तीन सिलिंडरे मोफत देण्याचे ठरले, तेव्हा सिलिंडरची किंमत आगाऊ खात्यात जमा करण्यात आली. आधी पैसे, मग सिलिंडर. ब्रिटनचा हिवाळी भत्ता ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व. संकटाच्या काळात जे जमले, ते दर मार्गशीर्षात का जमू नये?

आता विजेकडे वळू. वीज कमी वापरणाऱ्याला कमी दर आणि अधिक वापरणाऱ्याला चढता दर, हे आपल्या वीजआकारणीचे सूत्र आहे. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी जो स्वतंत्र सवलतीचा वर्ग आहे, तो महिन्याला सरासरी तीस युनिटांच्या वापरापुरता. इतर घरांनाही शंभर युनिटांपर्यंतचा दर कमी, त्यापुढचा बराच चढा. आता मघाचा पासष्टांचा आकडा आठवा. दोन दिवे, एक पंखा आणि दूरदर्शन संच असलेल्या घरात पाणी तापवण्याची कांडी आली की, तीस युनिटांची मर्यादा पहिल्या पंधरवड्यातच ओलांडली जाते. साठ-सत्तर युनिटांचे घर शंभराच्या पलीकडे जाते आणि वरची युनिटे चढ्या दराने पडतात. सवलत वर्षभर सारखी आणि गरज चार महिन्यांत दुप्पट, असा हा मेळ न बसणारा हिशेब आहे.

येथे सूर्याची मदत घेण्याचा विचार पुढे आला, तो योग्य दिशेचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरील एक किलोवॉटच्या संचाला केंद्राचे तीस हजार रुपये मिळतात. असा संच महिन्याला शंभर युनिटांच्या आसपास वीज देतो. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये शंभर युनिटांहून कमी वापर असणाऱ्या घरांसाठी त्यावर आणखी वाटा देण्याचे ठरवले. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. थंडी आणि ऊन दोन्ही एकाच ऋतूत मिळावीत, हे भाग्य ब्रिटनच्या वाट्याला नाही. मात्र पत्र्याच्या अथवा कुडाच्या घरावर संच बसवावयाचा कोठे, हा प्रश्न सर्वांत गरीब घरापुढे उरतोच.

असे प्रश्न कागदावर न दिसणाऱ्या माणसांचे अधिक. ऐन थंडीत, कारखान्याची धुराडी पेटली की, ऊसतोड कामगारांची कुटुंबे आपल्या शिवारात येऊन कोपी घालतात. त्यांची शिधापत्रिका गावी, गॅसचे पुस्तक गावी, अनुदानही त्या पुस्तकाच्या सिलिंडरावर. येथे त्यांना पाच किलोचे लहान सिलिंडर घेता येते, पण ते बाजारभावाने. मग उरते ते बांधावरचे सरपण. पश्चिमेकडील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांची अडचण निराळी. तेथे सिलिंडर डोंगरावर वाहून नेण्याचा खर्च सिलिंडरवर चढतो आणि जवळच्या भीमाशंकर अभयारण्यातून लाकूड आणण्यावर बंधने आहेत.

आणि या सरपणाला आपल्या तालुक्यात आणखी एक किंमत आहे. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, बिबट्या उसाच्या फडातच राहतो, वाढतो. काटक्या गोळा करण्यास बाई निघते ती पहाटे अथवा कातरवेळी, कारण मधला दिवस मजुरीचा असतो. नेमकी तीच बिबट्याची वेळ. माणिकडोहच्या निवारा केंद्रात किती बिबटे ठेवावेत यावर आपण तावातावाने बोलतो. त्याच चर्चेत, कोणत्या घरातील बाईला कातरवेळी फडाच्या बांधावर जावे लागते आणि का, हाही प्रश्न आला पाहिजे. घरातले सिलिंडर रिकामे आहे, हे त्या ‘का’चे उत्तर पुष्कळदा असते.

या सर्व विवेचनातून एक साधी कसोटी निघते. मदत किती रुपयांची, यापेक्षा ती कोणत्या महिन्यात आणि पैसे मोजण्याच्या आधी की नंतर, हे पाहावे. त्या कसोटीवर शासनाकडे दोन गोष्टी मागता येतील. अन्नपूर्णा योजनेच्या तीन सिलिंडरांपैकी निदान दोनांचे पैसे दिवाळीनंतर आगाऊ खात्यात जमा व्हावेत. दारिद्र्यरेषेखालील घरांच्या विजेची मर्यादा थंडीच्या चार महिन्यांपुरती वाढवावी. यासाठी नवी योजना नको, नवे खातेही नको. असलेल्याच तरतुदीची तिथी बदलावयाची आहे.

काही गोष्टी मात्र गावानेच करावयाच्या आहेत. महिला बचत गटांनी थोडी रक्कम ‘गॅस खाते’ म्हणून बाजूला ठेवावी. सभासद बाईने त्यातून सिलिंडरचे पैसे उचलावेत आणि अनुदान जमा झाले की परत भरावेत. परतफेड सरकारी खात्यातूनच येणार असल्याने हे कर्ज बुडण्याची भीती थोडी. दहा बायकांच्या गटाला आठ-दहा हजारांत हे चक्र फिरवता येईल. ज्या घरांची जोडणी पुरुषाच्या नावावर आहे, त्यांनी ती बाईच्या नावावर करून घ्यावी. आधार आणि बँकखाते जोडले आहे ना, याची चौकशी पौषात नव्हे, भाद्रपदातच करावी. ज्यांच्या गोठ्यात दोन-चार जनावरे आहेत, त्यांनी शेणाच्या गॅसचा विचार पुन्हा करावा. आणि ज्या शेतकऱ्याच्या शिवारात कोपी पडतात, त्याने निदान तुटलेल्या फांद्या आणि वाळके लाकूड वस्तीजवळ आणून टाकावे, म्हणजे परगावच्या लेकीबाळींना फडात शिरावे लागणार नाही.

शासनाने गरिबाच्या घरात शेगडी पोचवली, हे मोठे काम झाले. शेगडी वर्षभर पेटती ठेवण्याचे काम त्याहून अवघड आणि त्याहून कमी गाजावाजाचे आहे. त्याची मोजणी जोडण्यांच्या कोटींनी होणार नाही. पौषातल्या एखाद्या पहाटे, वाडीतल्या शेवटच्या घरी, पाणी कशावर तापते आहे आणि ते जळण कोणी कोठून आणले, एवढे विचारले की योजना पोचली की नाही ते कळेल.